धोटा वाजत राहिला

"ड्रम मागं ठेवा. मधोमध," साउंडवाला म्हणाला.

"मधी न्हाय. हितं," अल्ताफ म्हणाला आणि मोठा ड्रम ओढत ओढत त्यानं स्टेजच्या डाव्या अंगाला नेला. मग स्टूल असं आडवं लावलं, की बसल्यावर त्याचं तोंड लोकांकडं नाही, माझ्याकडं होईल.

"अहो, असं कोण बसतं? लोकांना तुमचा नुसता खांदा दिसेल."

"दिसू दे की."

साउंडवाल्यानं माझ्याकडं बघितलं. मी खाली मान घालून गिटारच्या तारा जुळवत होते. आमचा गाणारा विरूपाक्ष स्टेजच्या कडेला पाय सोडून केळं खात बसला होता. कार्यक्रमाच्या दिवशी तो केळ्यांशिवाय काही खायचा नाही.

"दादा, सोडा त्याला," विरू म्हणाला. "आमचा ड्रमर गिटारवालीचं तोंड बघितल्याबिगर वाजवत न्हाय. दोन वर्षं झाली, हेच चाललंय."

अल्ताफनं ऐकलं न ऐकल्यासारखं केलं. मीही केलं. पण माझे कान गरम झाले होते आणि एक तार मी उगाचच जास्त पिळली.

ही २००८ सालच्या मार्चमधली गोष्ट. पुण्यातलं एक जुनं सभागृह होतं. खिडक्यांना काळं कापड लावून आयोजकांनी भरदुपारी आत अंधार केला होता. देशभरातले आमच्यासारखे सहा-सात बँड त्या दिवशी तिथं वाजवणार होते. आम्हाला पहाटेच्या एसटीनं इतक्या लांब यायला लावणारा माणूस म्हणजे बंगळूरचा क्लेमंट. तो बँडांच्या टूर काढायचा. त्याला आम्ही आवडलो, तर पाच शहरं फिरायला मिळणार होती. विरू आठवडाभर झोपला नव्हता.

आमच्या बँडचं नाव धोटा. कापड विणायच्या मागावर आडवं सूत घेऊन इकडून तिकडं पळणारा तो लाकडी धोटा. आम्ही तिघंही इचलकरंजीचे, तिघंही वस्त्रोद्योगाच्या डिप्लोमाला एकाच वर्गात. त्यामुळं दुसरं नाव सुचलंच नाही. आम्ही जे वाजवायचो त्याला हार्डकोर पंक म्हणतात. जेमतेम मिनिट-दीड मिनिटाची गाणी, सुसाट वेग, आणि सुराची भानगड न ठेवता पोटातून ओरडणं. विरूच्या आतेभावानं बंगळूरहून सीडी आणल्या होत्या. पहिली लावली तेव्हा मला वाटलं, हे परदेशातलं कसलं? हे तर आमच्या गल्लीतलं आहे.

कारण आमचं गाव ओरडतं. मागाच्या खोलीत बोलायचं म्हणजे समोरच्याच्या कानापाशी जाऊन ओरडायला लागतं, आणि ती सवय माणसं घरी घेऊन येतात. विरूच्या घरी कुणी भाजीत मीठ कमी आहे म्हटलं तरी नव्या माणसाला भांडण लागलंय असं वाटायचं. त्याच्या वडिलांनी, शंकरअण्णांनी, सगळी हयात मागावर काढली होती. ते दोन्ही कानांनी कमी ऐकायचे. शेजारचेही कमी ऐकायचे, माझे मामाही, अर्धी गल्ली तशीच. 'काय?' हा आमच्याकडं सगळ्यात जास्त वेळा बोलला जाणारा शब्द असेल. दोनदा सांगायला लागलं तर कुणाला त्यात वावगं वाटत नसे.

आम्ही सराव करायचो तो अण्णांच्या मागाच्या खोलीत. माग विकून झाले होते. जमिनीत त्यांचे बोल्ट तेवढे राहिले होते आणि ते पायाला लागायचे. पहिल्या दिवशी अण्णा रागावतील म्हणून आम्ही भीत भीत वाजवलं. ते दारात खुर्ची टाकून बसले आणि शेवटी म्हणाले, "बरं वाटलं पोरांनो. माग गेल्यापासनं ही खोली मुकी झाली होती."

बेस गिटार वाजवणारं आम्हाला कधी कुणी मिळालं नाही. विरूचा गळा, माझी गिटार आणि अल्ताफचा ड्रम, एवढाच बँड.

अल्ताफ मुजावर. लहानपणापासून मोहरमात पंजांपुढं ताशा वाजवायचा. घरची परिस्थिती अशी, की सातवीपासूनच तो मामूच्या मागावर उभा राहायचा. पुढं दिवसा कॉलेज आणि रात्री माग. बोलायला कमी. पण ड्रमवर बसला की त्याच्या हातांचं काय व्हायचं, ते मला अजून सांगता येत नाही. त्याचा वेग कधी ढळायचा नाही. विरू गाण्यात चुकायचा, मी चुकायचे, तो कधीच चुकला नाही.

आणि तो माझ्याकडं बघायचा. पहिल्या गाण्याच्या पहिल्या ठोक्यापासून शेवटच्या गाण्यापर्यंत. आम्ही चहाला बसलो तर तो बरोबर माझ्यासमोर बसायचा, बाजूला कधी नाही. मी बोलायला लागले की सगळं सोडून माझ्या तोंडाकडं बघायचा. फोन केलेला त्याला चालायचा नाही. "मेसेज कर," म्हणायचा. "घरात सगळी असतात." मी तेव्हा एकवीस वर्षांची होते. मुलगा फोन नको म्हणतो, मेसेज कर म्हणतो, याचा मी एकच अर्थ लावला. सरावाच्या दिवशी मी सकाळी उठून केस धुवायला लागले.

आमच्यात बोलणं काहीच झालं नव्हतं. झालं असतं तर काय झालं असतं, हे दोघांनाही ठाऊक होतं. तो मुजावरांचा, मी हजाऱ्यांची. आमच्या घरी मी मुलांबरोबर बँडमध्ये असते, हेच आईला पचत नव्हतं. त्यात पुढच्या रविवारी बेळगावचे पाहुणे मला बघायला येणार होते. मुलगा बँकेत होता. आईला मी सांगितलं होतं, "पुण्याचं होऊ दे. मग काय ते बोलू." मनात मी ठरवलं होतं, की परतीच्या एसटीत अल्ताफला विचारायचं. त्यानं हो म्हटलं तर रविवारी पाहुण्यांसमोर बसायचं नाही. पुढचं पुढं.

*

आमचा नंबर चौथा होता. दोन-अडीचशे पोरं असतील, घामानं निथळत होती. पहिल्या तीन गाण्यांत त्यांनी आम्हाला जोखलं. चौथ्यापासून ती आमची झाली. मराठी न येणारी पोरंही विरूबरोबर ओरडायला लागली. क्लेमंट भिंतीला टेकून उभा होता तो पुढं आला. मी अल्ताफकडं बघून हसले. तो हसला नाही. वाजवताना तो कधीच हसायचा नाही, नुसता बघायचा.

शेवटचं गाणं आमचं सगळ्यात जुनं. मागावरच्या कामगाराला मुकादम 'अजून एक पीस काढ' म्हणत राहतो, त्यावर विरूनं ते लिहिलं होतं. त्यात विरू कडवं ओरडतो आणि लोकांनी 'अजून एक! अजून एक!' म्हणायचं असतं. आम्ही पहिलं कडवं संपवून दुसऱ्यात शिरलो आणि वीज गेली.

दिवे गेले, तसा माझ्या गिटारचा आवाज मधेच तुटला. विरूचा माईक गेला. माझी बोटं तारांवर होती, पण त्यातून टीचभर टिणटिण येत होती. काळ्या कापडांमुळं डोळ्यांसमोर काही दिसत नव्हतं.

पण ड्रम वाजत होता. ड्रमला कुठं वीज लागते? तोच वेग, तोच जोर. क्षणभर सगळं सभागृह गप्प झालं आणि त्या अंधारात एकटा अल्ताफ वाजवत राहिला. पहिली आरोळी कुणी दिली माहीत नाही. मग सगळी पोरं ड्रमच्या ठेक्यावर ओरडायला लागली, "अजून एक! अजून एक!" पाय आपटायला लागली. लाकडी स्टेज थरथरत होतं. विरू माईक टाकून नुसत्या गळ्यानं ओरडत होता. माझ्या अंगावर काटा आला. मला वाटलं, ह्यानंतर आयुष्यात काही मिळालं नाही तरी चालेल.

गाणं संपायची जागा आली आणि गेली. विरू थांबला. पोरं शिट्ट्या मारायला लागली. अल्ताफ थांबला नाही.

मी म्हटलं, असू दे, मजा करतोय. पण तो मजा करत नव्हता. तो त्याच ठेक्यावर पुन्हा पहिल्यापासून फिरत होता, पुढं जात नव्हता, मागं येत नव्हता, कुणीतरी खूण करायची वाट बघितल्यासारखा. मी हाक मारली, "अल्ताफ!" परत मोठ्यानं मारली. मी त्याच्यापासून चार पावलांवर असेन.

मी चाचपडत गेले आणि त्याच्या मनगटावर हात ठेवला. तो दचकला. एक काठी हातातून सुटून खाली पडली. कुणीतरी मोबाईलचा उजेड स्टेजवर टाकला. त्या उजेडात त्याचा चेहरा मला दिसला. तो घाबरला होता.

"चुकलो का?" तो म्हणाला. "दिवे गेले, मला तू दिसंना."

"वीज गेली अल्ताफ. सगळाच साउंड गेला."

"काय?"

"साउंड गेला. मघाशीच. आम्ही कुणीच वाजवत नव्हतो."

तो माझ्या तोंडाकडं बघत होता. डोळ्यांकडं नाही. ओठांकडं. मी तेच वाक्य पुन्हा म्हटलं, आवाज न काढता, नुसते ओठ हलवून. का म्हटलं मला ठाऊक नाही. 

"कधी गेला साउंड?" त्यानं विचारलं.

त्याला नुसते ओठ पुरले होते.

*

सभागृहाच्या मागं लोखंडी जिना होता. आम्ही तिथं उन्हात जाऊन बसलो. आत क्लेमंट विरूला मिठी मारून नाचत होता, त्याचं हिंदी बाहेरपर्यंत येत होतं. "वो बंदा रुका ही नहीं यार! लाईट गई, रुका ही नहीं!"

अल्ताफला ते ऐकू येत नव्हतं, हे आता मला माहीत होतं.

"कधीपासून?" मी विचारलं.

"डावा दहावीतच गेला. उजव्यावर चाललं होतं." तो बोटांची सालं काढत होता. "दिवाळीत मिरजेच्या डॉक्टरांकडं गेलतो. आतली नस मरायला लागलीय म्हणाले. लहानपणापासनं मागाचा आवाज, त्यावर हे. आता जे थोडं उरलंय ते राखायचं तर आवाजापासून लांब राहा म्हणाले. माग सोडला मी तेव्हाच. तुम्हाला बोललो न्हाय."

"आणि ड्रम?"

"ड्रम सोडला तर मी कोण उरतो जये?"

जिन्याखाली एक बाई धुणं वाळत घालत होती. मी तिच्याकडं बघून बोलायला लागले, मग लक्षात आलं आणि तोंड त्याच्याकडं वळवलं.

"मग तू वाजवतोस कसं?"

"तुला बघून," तो म्हणाला. एखाद्याला रस्ता सांगावा इतकं सरळ. "मी वाजवायला लागलो की मला माझ्या ड्रमशिवाय काही ऐकू येत न्हाय. विऱ्याचं तर कधीच न्हाय. पण कडवं बदलायच्या आधी तुझा अंगठा वर येतो. वेग वाढायच्या आधी तुझा उजवा खांदा पुढं येतो. शेवट आला की तू खालचा ओठ दाताखाली धरतीस. तुझ्यावर नजर असली की चुकत न्हाय मी. म्हणून तर मधी बसत न्हाय."

  दोन वर्षं ज्या नजरेसाठी मी केस धुवून येत होते, ती माझ्या अंगठ्यावर होती. मी तो मुठीत दडवला.

"वाईट वाटलं व्हय?" त्यानं विचारलं. "आधी सांगायला पायजे होतं."

"नाही. वाईट कशाला?"

"विऱ्याला सांगू नको. क्लेमंट आपल्याला घेऊन जाणार बघ. पाच शहरं होऊ देत. मग सोडतो."

"राहिलेला कान जाईल."

"जाऊ दे."

"अल्ताफ, जाईल म्हणजे पुरता जाईल. परत येणार नाही."

"कळतंय की मला," तो म्हणाला. त्याचा आवाज चढला होता आणि त्याला ते समजत नव्हतं. खालच्या बाईनं वर बघितलं. "पण आज जे झालं तसं किती जणांच्या नशिबात येतं? अब्बा मागावर बहिरे झाले. मामू मागावर बहिरा झाला. काय मिळालं त्यांना? मी निदान ह्याच्यात तरी होईन. तू फक्त समोर उभी राहा. बाकी मी बघून घेतो. तू सांगशील त्या जागेवर थांबतो."

त्यानं माझं मनगट धरलं, मघाशी मी त्याचं धरलं होतं तसं. "शब्द दे."

विरूनं जिन्याचं दार उघडलं. "अरे हितं काय बसलाय? चला! तो क्लेमंट आपल्याला जेवायला नेतोय. टूर पक्की, लका! पक्की!" त्यानं अल्ताफला उचलूनच घेतलं. शब्द द्यायचा राहिला.

*

क्लेमंटनं आम्हाला स्वारगेटजवळ एका खानावळीत नेलं. त्यानं कागदी टेबलक्लॉथवर पाच शहरांची नावं लिहिली. विरू त्यांच्याभोवती गोल काढत बसला. अल्ताफ माझ्यासमोर बसला होता, नेहमीसारखा. मी त्याच्याकडं बघत होते आणि मला त्याच्या उजव्या कानाशिवाय काही दिसत नव्हतं. त्या कानात अजून काहीतरी शिल्लक होतं. त्याच्या आईची हाक असेल, पाऊस असेल. पाच शहरांत मिळून ते संपणार होतं, आणि संपवायला मला समोर उभं राहायचं होतं.

विरूला सांगितलं असतं तर त्यानं टूर रद्द केली असती. पण मग सगळ्या गावाला कळलं असतं, आणि अल्ताफनं मला कधी माफ केलं नसतं. शिवाय त्यानं ऐकलंही नसतं. दुसरा कुठलातरी बँड धरला असता, दुसऱ्या कुणाचा तरी अंगठा शिकला असता? नाही. ते त्याला जमलं नसतं. दोन वर्षं लागली होती त्याला माझं सगळं पाठ करायला.

"मे महिन्यात निघायचं," विरू म्हणाला. "परीक्षा झाली की."

"मी येणार नाही," मी म्हटलं.

विरूला वाटलं मी चेष्टा करतेय.

"माझं लग्न ठरलंय. बेळगावला. मे महिन्यातच आहे."

ठरलं काहीच नव्हतं. मी मुलाचा फोटोसुद्धा नीट बघितला नव्हता. पण मी ते वाक्य अल्ताफकडं तोंड करून, सावकाश म्हटलं, म्हणजे त्याला दुसऱ्यांदा सांगायला लागू नये. दुसऱ्यांदा माझ्याच्यानं झालं नसतं.

त्यानं ते वाचलं. मी बघत होते. आधी भुवया जवळ आल्या, मग चेहरा एकदम रिकामा झाला, सामान हलवलेल्या घरासारखा.

"कधी ठरलं?" विरू ओरडला. "आणि आता सांगतीस? आज? लग्न करून पण वाजवता येतं की!"

"त्यांना चालणार नाही."

"त्यांना चालणार न्हाय! दोन वर्षं आम्ही काय भजन करत होतो व्हय? ठीक हाय. जा. दुसरा बघू. सांगलीचा तो किणीकर हाय, तो येईल. काय अल्ताफ?"

अल्ताफनं मान हलवली. "मला दुसऱ्याबरोबर जमणार न्हाय."

"का न्हाय जमणार?"

"न्हाय जमणार विरू."

विरूनं त्याच्याकडं बघितलं, मग माझ्याकडं, आणि त्याला जे वाटायचं ते वाटलं. गेली दोन वर्षं तो ज्यावरून चिडवत होता, तेच. त्यानं खुर्ची मागं सारली. "ह्याचं वाटोळं केलंस तू," तो मला म्हणाला. "बँडचं सोड. ह्याचं केलंस."

क्लेमंटला मराठी येत नव्हतं. तो बिचारा एकेकाकडं बघत राहिला.

परतीच्या एसटीत विरू सगळ्यात मागं जाऊन बसला. अल्ताफ पुढं, ड्रायव्हरच्या पाठीमागं. चढताना तो माझ्याजवळ थांबला होता. "अभिनंदन जये," एवढं म्हणाला. काही विचारलं नाही. मी शब्द दिला नव्हता, तरी तो तसं काही बोलला नाही. मला वाटलं तो चिडला असेल. कराडला गाडी थांबली तेव्हा तो तिघांसाठी चहा घेऊन आला. माझा कप त्यानं खिडकीतून हातात दिला आणि पुन्हा पुढं जाऊन बसला.

*

रविवारी बेळगावचे पाहुणे आले. एकदा ठरलंय म्हटल्यावर नाही कशाला म्हणायचं, असं मला झालं होतं. मी हो म्हटलं. लग्न मे महिन्यातच झालं. माझे यजमान विद्याधर फार चांगले आहेत. त्यांना गिटार चालली असती. दुसऱ्याच वर्षी त्यांनी मला विचारलं, की तू ती माहेरहून आणत का नाहीस? मी म्हटलं, राहू दे, तारा गंजल्या असतील.

विरू हुबळीला नोकरीला लागला. मला त्यानं त्यानंतर कधी फोन केला नाही. अण्णा गेले तेव्हा मी भेटायला गेले होते. तो सगळ्यांशी बोलला, माझ्याशी नाही.

अल्ताफ कॉम्प्युटरवर कापडाची डिझाइनं काढायला लागला. त्याचं लग्न झाल्याचं आईकडून कळलं.

मग २०१९ मध्ये पुण्याच्या शार्दूल नेर्लेकर नावाच्या एका मुलाचा फोन आला. तो आपल्याकडच्या हार्डकोर बँडांचा इतिहास लिहीत होता. आमचा एकही रेकॉर्ड नाही, सगळे मिळून वीसेक कार्यक्रम झाले असतील, तरी त्याला धोटावर एक प्रकरण लिहायचं होतं. कारण ती वीज. त्या दुपारी सभागृहात असलेल्या पोरांनी ती गोष्ट गावोगाव नेली होती. वीज गेली, सगळे थांबले, पण धोटाचा ड्रमर थांबला नाही. कुणी दहा मिनिटं म्हणत होतं, कुणी अर्धा तास.

"विरूपाक्षसरांनी सांगितलं मला सगळं," शार्दूल म्हणाला. "आणि मॅडम, बँड तुटला तो... म्हणजे तुमच्या लग्नामुळं, असं ते म्हणाले. तसं लिहिलं तर तुम्हाला चालेल ना?"

"ते चालेल," मी म्हटलं. "विजेचं मात्र मी अल्ताफला विचारून सांगते."

आधी मेसेज करून दुसऱ्या दिवशी मी इचलकरंजीला गेले.

अल्ताफनं दार उघडलं. कानशिलांवरचे केस पांढरे झाले होते. मला बघून तो इतका हसला, की तो हसताना कसा दिसतो हे मला पहिल्यांदाच कळलं. कानात यंत्र नव्हतं.

"यंत्र लावत नाहीस?"

"आता उपयोग न्हाय," तो म्हणाला. बोलणं थोडं जडावलं होतं. "तू बोल सावकाश. तुझं मला अजून वाचता येतं."

उजवा कान पाच वर्षं टिकला, असं त्यानं सांगितलं. एका तापात उरलेलं गेलं. "पोरगी झाली तेव्हा होता थोडा. तिचं रडणं ऐकलंय मी. काय रडायची! बोलायला लागायच्या आधी गेला." त्यानं माझ्यापुढं बिस्किटं सारली. "पण रडणं ऐकलं. ते बरं झालं."

मी शार्दूलचं सांगितलं. लोक काय म्हणतात ते सांगितलं. तो खो खो हसला.

"अर्धा तास? लिहू दे. खरं सांगून काय करायचंय? त्या पोरांनी जे बघितलं ते त्यांच्यापाशी राहू दे."

"विरूला अजून माहीत नाही?"

"न्हाय. कान गेल्याचं ठाऊक हाय. तेव्हाचं न्हाय." त्यानं एक बिस्किट मोडलं. "तुझ्यावर राग धरून बसलाय अजून. मी सांगतो त्याला, जयेचा काय दोष? लग्न ठरलं होतं तिचं."

मी चहाचा कप खाली ठेवला.

"जये, एक विचारू? आता काय, अकरा वर्षं झाली. रागवू नको."

"विचार."

"लग्न खरंच ठरलं होतं का गं तेव्हा? का मी कानाचं बोललो म्हणून तू...?"

तो माझ्या ओठांकडं बघत होता. मला फक्त एक शब्द बोलायचा होता. नाही म्हटलं असतं, तर त्याची पाच शहरं, त्याचा ड्रम, सगळं मी त्याला न विचारता काढून घेतलं, हे त्याला आज कळलं असतं. आणि मुलीच्या रडण्याचं ते समाधानही मग त्याला माझे उपकार म्हणून बाळगायला लागलं असतं.

"ठरलं होतं," मी म्हटलं. "आधीच."

त्यानं मान डोलावली. बराच वेळ डोलावत राहिला.

"मग बरं," तो म्हणाला. "मला आपलं इतकी वर्षं वाटायचं, त्या दिवशी एसटीत मी तुला आपल्या दोघांचं विचारायला पायजे होतं. उगाच गप्प बसलो."

आतून त्याच्या मुलीनं हाक मारली, "अब्बा!" परत मारली. तो माझ्याकडंच बघत होता. मी हातानं आतल्या दाराकडं खूण केली. तो उठून गेला.